वॉर्डातल्या पेशंटना दारूबद्दल कॉम्प्युटरचं पत्र, आपल्याकडे चालेल का?

वॉर्डवाली_ताई:

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. ऑर्थो, सर्जरी आणि मेडिसिन तिन्ही वॉर्ड माझ्याकडेच, आणि या तिन्ही वॉर्डांत पुरुषांच्या बाजूला कधीही गेलं तरी दारूमुळे किंवा दारूच्या जोडीने आलेले पेशंट असतातच. गाडी घसरून मांडी मोडलेले, स्वादुपिंडाला सूज आलेले, कावीळ झालेले, शुगर काही केल्या आटोक्यात न येणारे. यातले सगळे काही बेवडे नसतात, बरेच जण कामाला जाणारे, घर चालवणारे, संध्याकाळी नेमाने घेणारे. डॉक्टर राउंडला "बंद करा आता" एवढं म्हणतात आणि पुढच्या कॉटकडे जातात, त्यांचाही दोष नाही, वेळच नसतो. समुपदेशक आमच्याकडे नाही. मी एकटी, त्यात योजनांचे कागद, डिस्चार्ज, बिलात सूट, हेच पुरतं.

तर माझ्या वाचनात आलं की जर्मनीत वॉर्डातल्या पेशंटला टॅबवर प्रश्न विचारून, त्याच्या उत्तरांवरून कॉम्प्युटरच त्याच्यासाठी वेगळं पत्र तयार करतो, छापील माहितीपत्रक नव्हे तर त्याच्या स्वतःच्या पिण्याबद्दलचं, आणि त्याचा उपयोग होतो म्हणे. मला आधी हसू आलं. आपल्याकडे माणूस बायकोचं ऐकत नाही तो प्रिंटरचं ऐकणार का? पण नंतर वाटलं, कदाचित म्हणूनच ऐकेल.

कुणाला याचा अनुभव आहे का? मराठीत असं करायचं तर काय काय अडेल? फुकटचे सल्ले चालतील, "दारूबंदी करा" सोडून.

रोस्टॉकची_सिस्टर:

ताई, तुम्ही वाचलंत ते बहुतेक ग्राइफ्सवाल्डचं काम असणार, इथे जर्मनीच्या उत्तरेला बाल्टिकच्या किनाऱ्यावर छोटं युनिव्हर्सिटीचं गाव आहे. मी त्या हॉस्पिटलमध्ये नाही, पण आमच्याकडे त्यावर एक ट्रेनिंग झालं होतं म्हणून ठाऊक आहे. त्यांनी १८ ते ६४ वयाचे साडेनऊशेच्या वर पेशंट घेतले, सगळे साध्या वॉर्डांतले, म्हणजे व्यसनमुक्तीसाठी आलेले नव्हेत, कुणी अपघाताचा, कुणी पोटाचा, कुणी कान-नाक-घशाचा. त्यांचे तीन गट केले, एका गटाशी शिकवलेला माणूस बोलला, दुसऱ्याला कॉम्प्युटरने काढलेली पत्रं, तिसऱ्याला फक्त प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. पत्र एकदाच नाही हं, ॲडमिट असताना एक, मग एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत फोनवर चौकशी करून नवं पत्र, ज्यात "मागच्या वेळी तुम्ही इतकं म्हणाला होतात, आता इतकं" असं असतं. दोन वर्षं मागोवा घेतला आणि पत्रवाला गट माणसाने बोललेल्या गटापेक्षा मागे पडला नाही. २०१८ मध्ये छापून आलं ते.

पत्रात काय असतं विचाराल तर मुख्य गोष्ट अशी की तो माणूस बदलायच्या कुठल्या पायरीवर आहे ते बघून मजकूर बदलतो. ज्याच्या डोक्यातच नाही की आपलं काही जास्त होतंय, त्याला "कमी कसं करावं" हे सांगतच नाहीत, त्याला फक्त त्याचे आकडे आणि त्याच्याच वयाच्या इतर पुरुषांचे आकडे शेजारी ठेवून दाखवतात. ज्याचं मन दोलायमान आहे त्याला त्यानेच सांगितलेले फायदेतोटे परत वाचायला देतात. आणि ज्याने ठरवलंय त्याला मग कुठल्या प्रसंगात घसरायची भीती आहे, तिथे काय करायचं वगैरे. सूर अगदी सरळ, ना उपदेश ना भीती.

आणखी एक महत्त्वाचं. पिण्याबद्दलच्या प्रश्नावलीत ज्यांचा स्कोअर खूप वर होता त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. हे विसरून लोक "कॉम्प्युटरने दारू सुटते" असं म्हणायला लागतात.

डॉक_निशाचर:

सिस्टरांचा शेवटचा मुद्दा मी ठळक करतो, कारण मी सायकियाट्रीचा आहे आणि रात्री अडीचला ऑर्थो वॉर्डातून मलाच फोन येतो.

ताई, टॅबवर प्रश्न म्हणजे ऑडिट वापरा, जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली, शून्य ते ४० गुण. ८ च्या खाली फारशी चिंता नाही, ८ ते १५ ला साधा सल्ला, १६ ते १९ ला सल्ला अधिक पाठपुरावा, २० आणि वर म्हणजे बहुतेक डिपेंडन्स, शरीराला दारूशिवाय चालेनासं झालेलं, तिथे पत्राचं काम नाही, तिथे माझं काम आहे. पत्र ८ ते १९ वाल्यांसाठीच. बोस्टनमधला एक अभ्यास २००७ मध्ये आला होता, त्यात वॉर्डातल्या पिणाऱ्या पेशंटशी अर्धा तास चांगलं शिकवलेल्या माणसाने बोलून पाहिलं, काही फरक पडला नाही, आणि बघितलं तर त्यातले तीनचतुर्थांश लोक डिपेंडंट होते. जिथे माणसाच्या अर्ध्या तासाने होत नाही तिथे कागदाने काय होणार.

त्याहून मोठी गोष्ट. रोज पिणारा माणूस मांडी मोडून ॲडमिट झाला की त्याची दारू त्याच क्षणी बंद होते, कुणी ठरवलेलं नसतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम, झोप नाही, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डीटी, म्हणजे माणूस भिंतीवर किडे बघतो, सलाइन उपटतो, मग मामा लोक त्याचे हात कॉटला बांधतात आणि नातेवाईक म्हणतात ऑपरेशनमुळे वेडा झाला. हे टाळता येतं, वेळेवर लिब्रियम किंवा लोराझेपाम ही शांत करणारी औषधं आणि थायमिन हे बी१ जीवनसत्त्व दिलं तर. म्हणून तुमच्या टॅबचा पहिला प्रश्न "शेवटची कधी घेतली" आणि दुसरा "सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का" हा असू द्या आणि उत्तर तसं आलं तर पत्र बित्र नंतर, त्याच मिनिटाला ड्युटी डॉक्टरला कळलं पाहिजे. एवढं एक जरी झालं तरी तुमचा टॅब वसूल.

आणि घरी जाऊन रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणाऱ्याने "पत्र वाचलं, आजपासून बंद" असं परस्पर करू नये, डॉक्टरच्या देखरेखीखालीच. हे पत्रात मोठ्या अक्षरात.

अपेक्षाही माफक ठेवा. अशा डिजिटल फीडबॅकचा २०१७ चा कॉक्रेनचा, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आहे, हॉस्पिटलचे नव्हे तर बाहेरचे लोक, सरासरी फरक आठवड्याला सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल. म्हणजे दोन छोटे पेग. बस्. ऐकायला फालतू वाटतं. पण खर्च किती, कागद आणि शाई. आणि सरासरीत काही जण अजिबात हलत नाहीत, काही अर्ध्यावर येतात.

आता_फक्त_सोडा:

डॉक्टरसाहेब म्हणाले त्या ८ ते १९ मधला मी. आता कमी आहे, बंद नाही, खोटं कशाला बोलू.

मला पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी एका हॉस्पिटलात, नाव नको, असलंच काहीतरी भरायला दिलं होतं, टॅब नव्हता, एका शिकाऊ मुलीचा प्रोजेक्ट होता, तिने लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि चक्क पाठ करून उभी राहिली. मी खरं लिहिलं. तिने तोंडाने विचारलं असतं तर "कधीतरी, कार्यक्रमाला" हेच उत्तर दिलं असतं, बापाला तेच, बायकोला तेच, भूल देणाऱ्या डॉक्टरलासुद्धा तेच. माणसाच्या चेहऱ्यावर भुवई हलते हो. मशीनला भुवई नाही.

आणि जो कागद आला त्यात लिव्हरबद्दल एक ओळ असेल नसेल. मला लागलं ते दुसरंच. त्यात लिहिलं होतं की देशात शंभरातले ऐंशीएक पुरुष घेतच नाहीत. मी म्हटलं काय फेकतात. आमच्या ग्रुपात न घेणारा एकच, तोही माळकरी. मग विचार केला की मी ज्यांच्यात बसतो ते सगळे घेणारेच, कारण मी घ्यायलाच बसतो ना. ऑफिसातले, सोसायटीतले, भावकीतले मोजायला लागलो तर खरंच निम्म्याहून कितीतरी जास्त लोक घेत नाहीत. "सगळेच घेतात" हे माझं सगळ्यात पक्कं कारण होतं ते गेलं. म्हणजे दारू नाही गेली लगेच, कारण गेलं. पण कारण गेल्यावर चव जराशी बिघडते.

डॉक_निशाचर:

सोडासाहेब, तुमचा कागद बरोबर होता. एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ चा सर्व्हे, १५ वर्षांवरच्या पुरुषांत साधारण १९ टक्के घेतात, बायकांत सव्वा-दीड टक्का. जर्मनीत "तुमच्या वयाचे इतर लोक तुमच्यापेक्षा कमी पितात" असं सांगावं लागतं, आपल्याकडे "इतर लोक पीतच नाहीत" असं सांगता येतं. गोव्यात मात्र हे वाक्य जपून वापरा, तिथे घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बरंच जास्त आहे.

पणजीचो_पाव:

गोव्याचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे संगाथ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच दुसऱ्या बाजूने करून दाखवलंय. दहा केंद्रं, ऑडिट १२ ते १९ असलेले ३७७ पुरुष, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट नाहीत, गावातलीच शिकवून तयार केलेली साधी माणसं, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांत ३६ टक्के लोक धोक्याच्या रेषेखाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. लॅन्सेटला छापून आलंय २०१७ ला. नंतर त्यांनीच मोबाइलच्या मेसेजवरून असंच काही करता येईल का त्यावर पण काम केलं.

म्हणून माझं मत, ताई, पत्राच्या मागे एक माणूस हवाच. मशीनला सगळं खरं सांगून झाल्यावर माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि तेव्हा समोर फक्त टॅब असेल तर पंचाईत. सायकियाट्रिस्टच हवा असं नाही, तुमच्या वॉर्डातली एखादी शांत स्वभावाची सिस्टर किंवा मावशी शिकवली तरी होईल. सगळं खर्चाच्या नजरेतून बघून "कागद आणि शाई" म्हणणं मला नाही पटलं, सॉरी डॉक्टर.

डॉक_निशाचर:

पटवून घेऊ नका, बरोबरच आहे. पण ताईंकडे मावशी पण एकच आहे रात्रपाळीला तीन वॉर्डांना मिळून.

कोडवाला_कोथरूड:

टेक्निकल बाजू मी सांगतो. यात एआय वगैरे काही लागत नाही, उगाच कुणी विकायला आलं तर घेऊ नका. जर-तरच्या नियमांनी आधीच लिहून ठेवलेले परिच्छेद निवडून जोडायचे, एवढंच आहे, शंभर-दीडशे परिच्छेद एखाद्या जाणकाराकडून तपासून घेतले की झालं, आणि त्याचा फायदा हा की पेशंटच्या हातात काय जाणार ते आधी माहीत असतं, मशीन मनाने काही बरळत नाही. दिल्लीच्या एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर अल्कोहोल वेब इंडिया नावाचं पोर्टल काढलं होतं, त्यात स्वतःच स्वतःला तपासायची सोय होती, तर कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही.

खरी गंमत मापात आहे. परदेशी प्रश्नावलीत "किती ड्रिंक घेता" असतं, आणि आपला माणूस ड्रिंकमध्ये मोजतच नाही, तो क्वार्टर, नव्वद, खंबा, टिनचा डबा, ग्लास यात मोजतो. तर स्क्रीनवर चित्रं लावा, बाटल्यांची, आणि हिशोब मशीनला करू द्या. मिली गुणिले टक्के गुणिले ०.७८९ म्हणजे ग्रॅम. आपल्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगात जवळपास १० ग्रॅम, जे जागतिक आरोग्य संघटनेचं एक ड्रिंक. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक. आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, ती होते ४१ ग्रॅम, चार पेग! "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी हे वाक्य मी स्वतः लाल रंगात छापीन. हातभट्टी आणि ताडीची मात्र टक्केवारी कुणालाच माहीत नसते, तिथे मशीनने आकडा सांगायचा आगाऊपणा करू नये, किती दिवस आणि किती ग्लास एवढंच परत दाखवावं.

आणि प्रश्न "गेल्या आठवड्यात किती" असा नको, गेला आठवडा तो कॉटवर पडलेला असू शकतो. "ॲडमिट व्हायच्या आधी, नेहमीच्या आठवड्यात" असा विचारा.

वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज द्या, हेडफोन लावून. आवाज तुमच्या भागातला असू द्या, बातम्या देणारा नको.

नमुना पत्र टाकतोय, सुधारा:

"दादा, तुम्ही सांगितलंत की नेहमीच्या आठवड्यात चार दिवस एकेक क्वार्टर होते. म्हणजे आठवड्याला २४ छोटे पेग. आपल्या देशात शंभर पुरुषांतले ८१ जण दारू घेत नाहीत. तुम्ही असंही सांगितलंत की पगाराच्या दिवशी आणि मेव्हणा आला की जास्त होते, आणि पाय मोडला त्या संध्याकाळी घेतलेली होती. कमी करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे. तुम्ही स्वतः लिहिलेलं एक कारण खाली परत देत आहोत: मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला शुद्धीत जायचंय."

शेवटची ओळ पेशंटच्याच शब्दांत हवी, तिथे एक मोकळी जागा ठेवा, बोलून रेकॉर्ड केलं तरी चालेल.

कराडची_सून:

मेव्हण्याचं वाक्य वाचून हसले, आमच्याकडे पण मेव्हणाच.

मला विचारायचंय, माझे मिस्टर ॲडमिट नाहीत, पण मी त्यांच्या नावाने प्रश्न भरले तर पत्र मिळेल का? भिंतीवर "त्यांच्या नकळत दारू सोडवा" म्हणून पावडरीच्या जाहिराती असतात, शेजारच्या काकूंनी ती आमटीत घालायला सुचवलीये.

डॉक_निशाचर:

वहिनी, पावडर अजिबात नको. त्यात बऱ्याचदा काय असतं तेच कळत नाही, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी पडतं, जीवावर बेतू शकतं. ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने, तपासण्या करूनच देतात.

आणि त्यांच्या नावाने तुम्ही भरलेलं पत्र त्यांना कळणारच तुम्ही भरलंय, मग ते तुमचंच बोलणं झालं, जे ते रोज ऐकतात. स्वतः दिलेलं उत्तर परत समोर येणं यातच त्याचा सगळा जोर आहे. तुम्हाला बोलायचं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, घरच्यांनी केली तरी चालते, आणि मनावर ताण आला असेल तर टेलिमानस १४४१६. पुण्यात मुक्तांगणसारख्या ठिकाणी घरच्यांसाठीही सोय असते. काही मारहाण वगैरे होत असेल तर तो वेगळा विषय आहे, पत्राची वाट बघू नका.

क्लेमवाला:

सगळे फार छान बोलताय पण जमिनीवर या. मी मेडिक्लेमच्या कामात आहे. पेशंट वॉर्डात दारूबद्दल खोटं का बोलतो माहितीये? लाज हे अर्धंच कारण. केसपेपरवर "क्रॉनिक अल्कोहोलिक" असे दोन शब्द पडले की क्लेमची फाइल तिथेच अडकते, कारण दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं, विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेलं कलमच आहे, एक्सक्लूजन १२. नातेवाईक हुशार असतात, पेशंटला आधीच सांगून ठेवतात, कुणी विचारलं तर नाहीच म्हण. त्यात अपघाताची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, असली तर पोलिसांचीही भीती.

म्हणजे तुमचा टॅब कितीही गोड बोलला तरी पेशंट विचार करणार की हे लिहिलेलं जातं कुठे. ते जर हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये जाणार असेल तर तुम्हाला सगळे पेशंट निर्व्यसनी मिळतील, बघा.

डॉक_निशाचर:

हा या धाग्यातला सगळ्यात खरा प्रतिसाद. माझी पण अडचण तीच असते, डीटीचा पेशंट वाचवायचा तर मला लिहावंच लागतं. उपचारासाठी जे लागतं ते डॉक्टर लिहिणार, त्याला पर्याय नाही, आणि लपवायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. पण ८ ते १९ वाल्याचं पत्र हा त्याचा खाजगी कागद आहे, तो केसपेपरला टाचायची काही गरज नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये दारूशी निगडित आजार मानसिक आजारात धरलेत आणि त्यात गोपनीयतेचा हक्क दिलाय, हे तुमच्या ट्रस्टींना दाखवा. पेशंटला मात्र सुरुवातीलाच स्वच्छ सांगा, की हे उत्तर फाइलला जाणार नाही, पण जीवाला धोका दिसला तर ड्युटी डॉक्टरला सांगू. दोन्ही वाक्यं. पहिलं सांगून दुसरं गाळलंत तर विश्वासघात होतो.

रोस्टॉकची_सिस्टर:

आणि पत्र घरी पोस्टाने पाठवू नका हं. इथे पोस्टाने जातं ते ठीक, इथे दुसऱ्याचं पाकीट कुणी उघडत नाही. आमच्या गावी पोस्टमनपासून चुलत्यापर्यंत सगळे वाचतील आणि मग "तुझं दारूचं पत्र आलंय रे" अशी हाक येईल अंगणातून. व्हॉट्सॲप पण नको, फोन पोरांच्या हातात असतो. टाके काढायला किंवा प्लॅस्टर बघायला तो परत येणारच आहे ना, तेव्हा हातात द्या.

वॉर्डवाली_ताई:

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

मी काय ठरवतेय सांगते. तिन्ही वॉर्ड एकदम नाही, फक्त ऑर्थोपासून, कारण तिथले पेशंट जास्त दिवस राहतात, शुद्धीत असतात, कंटाळलेले असतात आणि फॉलोअपला परत यावंच लागतं, दुसरं पत्र तेव्हाच देता येईल. भेटीची वेळ संपून नातेवाईक खाली गेले की टॅब द्यायचा. "शेवटची कधी घेतली" हा प्रश्न मात्र ॲडमिट होतानाच सिस्टर विचारतील, तो टॅबवर ठेवून उशीर नको. पणजीकर, तुमचं मनावर घेतलंय, ऑर्थोच्या एक सिस्टर आहेत ज्यांच्याशी पेशंट आपणहून बोलतात, त्यांना विचारते, त्यांच्या ड्युटीतून तेवढा वेळ काढून देतील का हे मेट्रनच्या हातात आहे.

केसपेपरचा मुद्दा ट्रस्टींपुढे कसा मांडायचा ते अजून कळत नाहीये, त्यांना आकडे हवे असतात आणि मी आकडे द्यायला गेले की नावं मागतील. नुसती संख्या द्यायची आणि नावाशी जोडणारं काही साठवायचंच नाही असं करता येतं का? कोडवाले दादा, व्यनि केलाय, आणि ते ताडीवालं वाक्य पण बघा, आमच्याकडे ताडी कमी, देशी जास्त, तिची बाटली चित्रात नाहीये.